डाव्या टोकाचा खळगा

मुलांनो, जरा कल्पना करा. एक बैठकीची खोली आहे. छताच्या आकड्यांना अडकवलेल्या चार जाड साखळ्या खाली लोंबत आहेत आणि त्यांच्या टोकांना काहीही नाही. उन्हाची वेळ. पंखा बंद आहे, खिडक्याही बंद आहेत. आता त्या साखळ्यांकडे बघत राहा. घाबरू नका, मी आहे सोबत. नुसतं बघा, कारण कीर्तनाही तशीच बघत होती.

कीर्तना आठ वर्षांची. ही गोष्ट २००६ सालची, चेन्नईतल्या अड्यारची. तिचं घराणं मूळ तंजावरचं, म्हणून घरात मराठी. पण शाळेत आणि गल्लीत सगळं तमिळ. त्यामुळे मराठी शब्द ती जसाच्या तसा घ्यायची. शब्द जे सांगतो तेच त्याचं म्हणणं, असं तिला वाटे.

त्या साखळ्या होत्या त्यांच्या ऊंजलच्या. आपण झोपाळा म्हणतो, तिकडे ऊंजल म्हणतात. त्याची सागाची लांब फळी खाली उतरवून बाहेर पडवीत दोन स्टुलांवर ठेवली होती. फळीच्या डाव्या टोकाला एक उथळ खळगा होता. कीर्तनाचे आजोबा, प्रतापसिंह, ज्यांना ती तात्ता म्हणायची, ते जन्मभर तिथेच बसत आले होते. बसून बसून लाकूडही झिजतं. गेल्या वर्षी तात्ता इस्पितळात गेले आणि तिथेच वारले.

आता घरात लग्न होतं. जयंतीचं, म्हणजे कीर्तनाच्या आत्याचं. वधूवरांना ऊंजलवर बसवून झुलवायची तिकडे रीत असते, आणि फळीला तर जागोजागी कुसळं आलेली.

"माझी रेशमी साडी अडकेल," जयंती म्हणाली. "आणि नवरदेव त्या खळग्यात रुतून बसला तर ओढून कोण काढणार?"

"राहू दे रुतलेला. पळून तरी जाणार नाही," उमाकांतकाका म्हणाले.

उमाकांतकाका शेजारी राहत. मूळचे सांगलीचे, गिंडीला त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं, तिथे ते ओतकामासाठी लाकडी साचे बनवीत. रविवार असल्यामुळे ते वर्कशॉपमधून तीन बेल्ट सँडर घेऊन आले होते आणि पडवीत ओळीने मांडून बसले होते. बेल्ट सँडर म्हणजे काय, तर सँडपेपरचा एक गोल पट्टा, दोन रुळांवरून गरागरा फिरणारा. हाताने तासभर घासायचं ते मिनिटात होतं.

"यातलं कुठलं घ्यायचं, सांग बघू," त्यांनी कीर्तनाला विचारलं.

"मोठं," उत्तर तिच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी दिलं. व्यंकटेश बँकेत होते, 'सर'ला तिकडच्यासारखं 'सार' म्हणत, आणि आज त्यांना घाई होती. "मोठंच घ्या, सार. सीक्रम होईल, पटकन."

"व्यंकटेशराव, परीक्षा तुमची नाही," काका हसले. मग कीर्तनाकडे वळले. "हे बघ. या मोठ्याचा पट्टा चार इंच रुंद. दोन्ही हातांनी धरावं लागतं, वजनही भरपूर. याचा तळ लांब आणि सपाट असतो, म्हणून हे खळग्यात उतरत नाही, वरूनच तरंगत जातं. बाजूचं सगळं लाकूड खाली येईल तेव्हा खळगा संपेल. दारं, टेबलं यांच्यासाठी हे. मधलं तीन इंचांचं, घरच्या बहुतेक कामांना पुरतं. आणि हे छोटं, अडीच इंचांचं. एका हातात मावतं. वळणावर, खोलगट जागी हे आत शिरतं आणि आहे तोच आकार गुळगुळीत करतं."

"मग छोटं," कीर्तना म्हणाली. "तात्तांची जागा राहील."

"जागा ठेवायचीच नाहीये," अप्पा म्हणाले. "रोज येता-जाता तो खळगा दिसतो मला. सपाट करा, सार."

मुलगा बापाविषयी बोलत होता. काकांनी पेन्सिल घेतली आणि सबंध फळीवर आडव्या रेघा ओढल्या, खळग्यातही. रेघ पुसली गेली म्हणजे पट्टा तिथवर पोहोचला. राहिली म्हणजे नाही. मग त्यांनी मोठं मशीन सुरू केलं.

केवढा आवाज! सागाचा वास सुटला, पिवळा भुसा उडाला. मशीन थांबलं तेव्हा फळी गोऱ्या कातडीसारखी दिसत होती. फक्त खळग्यातल्या रेघा तशाच होत्या.

आणि मशीन थांबल्यावर आतून एक आवाज आला. कुर्र... कुर्र... आणि थांबला.

"मांजर असेल," जयंती म्हणाली. त्यांच्याकडे मांजर नव्हतं.

"अजून घासा," अप्पा म्हणाले.

काकांनी पुन्हा मशीन फिरवलं. नखाएवढी जाडी उतरली. रेघा तशाच. काकांनी खळग्यावर पट्टी आडवी ठेवून खोली मोजली. पुन्हा मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"बाजूचं लाकूड खाली आलं की खळगा तेवढा उथळ व्हायला हवा. साधा हिशेब आहे. पण हा मघाशी होता तेवढाच खोल आहे." काकांनी खळग्यात तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"पट्ट्याने लाकूड तापतं ना?" कीर्तनाने विचारलं.

"तापतं. जिथे पट्टा लागतो तिथे. इथे लागलेलाच नाही." काका हळू बोलले. "हात लाव."

तिने लावला. घासलेली बाजू निवत आली होती. खळगा मात्र उबदार होता. खुर्चीवरून कोणी नुकतंच उठलेलं असावं आणि आपण लगेच तिथे बसावं, तशी ती ऊब.

कुर्र... कुर्र... आतला आवाज पुन्हा सुरू झाला. या वेळी थांबेना. सगळे दारापाशी गेले.

चार साखळ्या. उजवीकडच्या दोन सैल लोंबत होत्या, हलत नव्हत्या. डावीकडच्या दोन ताठ होत्या. खाली काही नसताना ओझं लटकावल्यासारख्या ताठ, आणि संथपणे पुढे-मागे होत होत्या.

जयंतीने व्यंकटेशचा दंड घट्ट धरला. "अण्णा, दार लावा."

"दार कशाला लावायचं?" कीर्तना म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं सगळे एवढे का दचकले ते. "तात्ता आलेत. बसायला फळी नाही, म्हणून तसेच थांबलेत."

"कण्णा," अप्पा तिच्या लाडक्या नावाने म्हणाले, "तात्ता आता येत नसतात."

"पण जाताना ते म्हणाले होते. इस्पितळाच्या गाडीत बसताना. 'येतो' म्हणाले. 'जातो' नाही म्हणाले."

व्यंकटेशनी काकांकडे पाहिलं. काका खाली वाकले. "अगं, आपल्यात जाणारा माणूस 'येतो'च म्हणतो. तमिळमध्येही 'जाऊन येतो' असंच म्हणतात. 'जातो' म्हणणं वाईट दिसतं."

"म्हणजे खोटं बोलतात?"

याचं उत्तर काय द्यायचं, मुलांनो, तुम्हीच सांगा. साखळ्या करकरत राहिल्या.

"ते रोज येतात," कीर्तना म्हणाली. "मी शाळेतून येते तेव्हा ऊंजल एकटाच झुलून थांबत असतो. मी उजवीकडे बसते. अप्पा, खळगा गेला तर त्यांना कळेल का, की ही आपलीच जागा आहे म्हणून?"

व्यंकटेश पडवीत गेले आणि त्यांनी खळग्यात हात ठेवला. काढला नाही. तसाच ठेवून बसले. आपल्या वडिलांच्या मांडीवर हात ठेवावा तसे.

"सार," ते शेवटी म्हणाले, "आणखी घासलं तर फळी पातळ होईल ना?"

"होईल. मग दोघांचं वजन पेलणार नाही."

"छोटं घ्या."

काकांनी अडीच इंचांचं मशीन उचललं. एका हाताने, पुढचा रूळ हलकेच टेकवत, कुठेही न थांबता, खळग्याच्या उतारावरून ते फिरवत गेले. एका जागी थांबलं की पट्टा खाच पाडतो, हे त्यांनी कीर्तनाला तेव्हाही सांगितलं. रेघा एकेक करत पुसल्या गेल्या. काठाची कुसळं गेली, आकार राहिला. आत करकर थांबली होती.

संध्याकाळी फळी पुन्हा साखळ्यांना चढवली. जयंतीने लांबूनच हात जोडले. "पहिली मी नाही बसणार."

"तुझंच लग्न आहे," अप्पा म्हणाले.

"मग तुम्ही बसा ना अण्णा, धीट आहात तर."

कोणीच पुढे झालं नाही. कीर्तना चढली आणि नेहमीसारखी उजव्या टोकाला बसली. पायाने जमिनीला रेटा दिला.

आता हे लक्षात घ्या. लांब झोपाळ्यावर एका टोकाला एकटं बसलं, तर तो वाकडा जातो. बसलेल्या बाजूला फिरतो. तुम्ही बसून बघा. काकांनीही मान वाकडी करून नीट पाहिलं.

ऊंजल सरळ झुलत होता. पुढे, मागे, अगदी सरळ.

कीर्तनाने डावीकडे एकदा पाहिलं, परकराचा घोळ गोळा करून मांडीवर घेतला, आणि ती आणखी थोडी उजवीकडे सरकली.