बारा पिनांचं सॉकेट

आपण या गाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं सासूबाईंनी जाहीर केलं तेव्हा त्यांच्या चपलांना खाणीतली पांढरी माती लागलेली होती.

"काय झालं, आई?" सुनेनं विचारलं.

"काय व्हायचंय! त्या बयेनं डावीकडे म्हटलं, हे डावीकडे. तिनं सरळ म्हटलं, हे सरळ. मी बाजूला बसून कोकलतेय, की अहो समोर पूल दिसतोय, धडधडीत पूल! पण माझं ऐकतील तर शपथ. शेवटी खाणीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. गाडी वळवायला जागा नाही. मग मी उतरायचं, आणि मागे उभं राहून 'या, या, बस्स' करायचं. या वयात!"

सासरे चावी खुंटीला लावत होते.

बया म्हणजे गाडीतलं मूळचं नेव्हिगेशन. गाडी सतरा वर्षांची. त्या काळी असा नकाशाचा पडदा डॅशबोर्डमध्ये बसवून येणं म्हणजे चैन होती. नकाशाची तबकडी डिकीतल्या एका डब्यात फिरायची, आणि ती शेवटची बदलली त्याला बारा वर्षं उलटली होती. नदीवरचा नवा पूल त्यानंतरचा. त्यामुळे पुलावर गाडी चढली की पडद्यावरचा बाण खुशाल निळ्या पाण्यात शिरायचा आणि बया कळवळून सांगायची, "शक्य तितक्या लवकर मागे वळा."

यात गंमत अशी, की सुनेचा धंदाच गाड्यांमध्ये स्टिरिओ बसवण्याचा होता. टायरवाल्याच्या शेजारी शटरचा एक गाळा, वर पाटी, आत दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. आठ वर्षांत तिनं शेकडो डॅशबोर्ड उघडले असतील. सगळा भाग तिला 'स्टिरिओवाली' म्हणूनच ओळखायचा. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे घरी बहुतेक वेळा हे तिघंच. पण घरच्याच गाडीला तिनं आजवर हात लावला नव्हता. दोनदा विचारून पाहिलं होतं. दोन्ही वेळा सासरे म्हणाले होते, "राहू दे गं, चाललंय की."

या वेळी मात्र सासूबाईंनी चंगच बांधला. रविवारी लेकीच्या नव्या घरी जायचं होतं. "एक तर ती बया राहील, नाहीतर मी," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून भांडी जरा जास्तच वाजली.

सासरे खिडकीशी जाऊन गाडीकडे पाहू लागले. मग म्हणाले, "तुझ्याकडे शुक्रवारी जागा आहे का?"

शुक्रवारी सकाळी गाडी गाळ्यात आली. सासऱ्यांनी ती अशी लावली, की दोन्ही बाजूंना अंतर सारखं. आयुष्यभर त्यांनी भूमापन खात्यात नकाशे काढले होते. तेही कॉम्प्युटर यायच्या आधी, हातानं, शाईनं. ऑफिसात त्यांना 'मोजपट्टी' म्हणायचे, आणि ते त्यांना मनातून आवडायचं.

"तुम्ही घरी जा, बाबा. चार वाजता फोन करते."

"बसतो की. अडचण होईल का?"

अडचण होणार होती. गिऱ्हाईक मानेवर बसलं की हात जड होतो, आणि इथे तर गिऱ्हाईक म्हणजे सासरे. पण नाही कसं म्हणायचं? तिनं स्टूल पुढे सरकवलं.

आदल्या दिवशीच तिनं सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती: मोठ्या पडद्याचा नवा स्टिरिओ, त्याच्याभोवतीची चौकट, जुन्या सॉकेटांना नव्याशी जोडणारा वायरींचा जुडगा. जुडग्यात एक वायर कमी होती. या गाडीत आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली. स्टिरिओ सुरू झाला की त्यालाही 'ऊठ' असं सांगणारी एक वायर लागते. ती तिनं इंटरनेटवर सापडलेल्या आकृतीवरून स्वतः घातली होती. बारा पिनांच्या सॉकेटात, वरच्या ओळीतलं तिसरं घर.

बॅटरीची वायर सोडायला तिनं बॉनेट उघडलं, तेव्हा सासरे उठून उभे राहिले.

"जरा थांब. एकदा सुरू करशील?"

"काय?"

"तो पडदा. एकदाच."

तिनं चावी फिरवली. पडदा उजळला. आधी गाडीच्या कंपनीची खूण आली, मग काळ्या पाटीवर बारीक अक्षरांतल्या चार-पाच ओळी. सतरा वर्षांत त्या कुणी वाचल्या असतील असं वाटत नव्हतं. दोनेक सेकंदांत त्या गेल्यासुद्धा.

"पाहिलंस? तिसरी ओळ. आमचं खातं."

तिला कळेना.

"या नकाशाला पाया आमच्या कागदांचा आहे. कंपनीनं घेतले होते. वरच्या डोंगराची रांग, तो धरणाचा कोपरा... ते चार कागद माझ्या हातचे. पुढचे सगळे कॉम्प्युटरवर, फोटोवरून झाले. वाईट नाहीत. पण हातचे हेच शेवटचे." ते हसले. "रोज सकाळी गाडी सुरू केली की तेवढी ओळ दिसायची. बाकी मला काय, रस्ते पाठच आहेत."

"मग खाणीत कसे गेलात?"

"तुझ्या सासूशी वाद चालला होता ना. हरायचं नव्हतं."

ती खळखळून हसली. मग तिला एकदम कसंसंच झालं. "बाबा, नको काढायचा का? मी आईंना समजावते. वरती फोन लावायची एखादी पट्टी बसवू, झालं."

सासऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं. नकाशा उमटला होता. डोंगराच्या कडा नीट, एकात एक बसलेल्या. त्यांनी स्वतःच चावी उलटी फिरवली.

"नकाशा चुकीच्या ठिकाणी नेत असेल तर तो काढायलाच हवा. खात्यात असता तर मीच रद्दचा शिक्का मारला असता. कर सुरू."

तिनं काम सुरू केलं. जुनं प्लास्टिक कडक होतं, जोर लावला की तडकतं. म्हणून तिनं केस वाळवायच्या यंत्रानं पट्टीच्या कडा गरम करून घेतल्या. मग चपटी पातळ काठी फटीत सरकवून कटकन, कटकन अशा एकेक क्लिपा सोडवल्या. एकही मोडली नाही. सासऱ्यांचं लक्ष आता पडद्यावरून तिच्या हातांवर गेलं होतं. स्क्रू काढले की ती ते चुंबकाच्या थाळीत निघाले त्याच क्रमानं, निघाले त्याच जागांप्रमाणे मांडत होती. ते पाहून त्यांनी नुसतीच मान हलवली.

जुना पडदा बाहेर आला. केवढा जड! एसीची बटणं त्याच चौकटीत होती. ती सोडवून नव्या चौकटीत बसवायला तासभर गेला. डिकीतल्या डब्यातून तबकडी निघाली, ती तिनं सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली.

दुपारी दोनपर्यंत नवा स्टिरिओ जागेवर बसला. पडदा लखलखीत. नकाशा ताजा. पूल होता तिथे होता. मागचा कॅमेरा दिसत होता, स्टिअरिंगवरची बटणं चालत होती. तिनं गाणं लावलं.

आवाज नाही.

वाढवला. तरी नाही. पडद्यावर गायिका ओठ हलवत होती आणि गाडीत चिडीचूप.

"गायला लाजतेय," सासरे म्हणाले.

तिला हसू आलं नाही. परक्याच्या गाडीत झालं असतं तर तिनं सरळ डोकं खाली घालून शोधलं असतं. पण आठ वर्षांनी पहिल्यांदा संधी मिळावी आणि ती अशी, साक्षात सासरे समोर बसून पाहत असताना! मीटर घेऊन ती सीटखाली शिरली. फ्यूज ठीक. अ‍ॅम्प्लिफायरला बॅटरीचा करंट येतोय. फक्त 'ऊठ' सांगणाऱ्या वायरीत काहीच नाही. वर येऊन तिनं आपली वायर तपासली. तिथे करंट होता. म्हणजे वर आहे, खाली नाही. मधे गालिच्याखाली कुठेतरी वायर तुटलेली.

"काय गं?"

"सीट काढाव्या लागतील. गालिचाही उचलायचा. आज होत नाही, बाबा. उद्या दिवसभर जाईल." सासूबाईंना काय सांगायचं, या विचारानं तिला आताच घाम फुटला.

ती पान्हा शोधायला वळली. सासरे स्टुलावरून उठले, आणि बाकावर पडलेला आकृतीचा कागद त्यांनी चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरला.

"हे कुणी काढलंय?"

"इंटरनेटवरून घेतलंय. का?"

"यावर काहीच लिहिलेलं नाही. कुठून पाहून काढलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाहणारा कुठे उभा आहे? तोंडाच्या बाजूनं की वायरी शिरतात त्या बाजूनं? आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. आधी सांग तू कुठे उभा आहेस, मग रेघ मार."

ती पान्हा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

बारा घरांचं सॉकेट. वरच्या ओळीत सहा. समोरून पाहिलं तर डावीकडून तिसरं. मागून पाहिलं तर तेच घर डावीकडून चौथं. आणि वरच्या ओळीतल्या सगळ्या वायरी एकाच काळ्या रंगाच्या. एरवी सॉकेटावरच आकडे कोरलेले असतात, या जुडग्याच्या सॉकेटावर ते नव्हतेच. तिनं कागद समोरून वाचला होता. आणि काढणाऱ्यानं तो मागून काढला असेल तर?

"अगंबाई," ती म्हणाली.

नवा स्टिरिओ पुन्हा बाहेर ओढला. बारीक सुईनं पिन सोडवली आणि शेजारच्या घरात सरकवली. टक्. आधीच्या घरासमोर पूर्वी गाडीत बसवायचे त्या टेलिफोनची वायर होती, आता कुणाच्याच उपयोगाची नाही. म्हणून काही जळलं नव्हतं, नशीबच. चावी फिरवली.

गायिकेचा आवाज असा काही फुटला, की शेजारचा टायरवाला हातातलं चाक सोडून धावत आला. तिनं मघाशी वाढवलेला आवाज कमी करायचा राहूनच गेला होता! सासरे कानांवर हात ठेवून हसत होते, आणि तीही, सीटवर आडवी पडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आवाज कमी झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, एक पूर्ण दिवस वाचवलात माझा."

"मी कसला? मला पिन म्हणजे काय तेही माहीत नाही. मला नुसता कागद कळतो." मग थोडं थांबून ते म्हणाले, "तू सकाळपासून काय काय केलंस, त्यातलं मला अर्धंही समजलं नाही. पण हात स्वच्छ आहे तुझा. मी तीस वर्षं माणसं पारखली त्यावर."

ती सुटे स्क्रू मोजायला लागली, कारण वर बघणं जरा अवघड झालं होतं. सुटा एकही उरला नव्हता.

रविवारी सगळे नव्या पुलावरून लेकीच्या घरी गेले. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि वाटभर एसीचं बटण आता कुठे गेलं यावरून तक्रार करत राहिल्या. प्रवास छान झाला.

सोमवारी सासरे तो आकृतीचा कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. तो त्यांच्या डोळ्यांना खुपत होता. ट्रेसिंग कागद, दोन जाडीची पेनं, छोटी पट्टी. दुपारपर्यंत त्याच सॉकेटाची नवी आकृती तयार झाली: दोन बाजू शेजारी-शेजारी, कुठून पाहिलंय ते प्रत्येकीखाली लिहिलेलं, वायरींचे रंग सुबक अक्षरांत. सून संध्याकाळी घरी आली आणि उभ्या उभ्याच पाहत राहिली. तिच्या गाळ्यात असे इंटरनेटवरचे दीड-दोनशे कागद होते, कळकट, कुणी फोनवरून फोटो काढलेले, तिरके.

"बाबा, अजून काढाल?"

"आण की."

आता बुधवारी आणि शुक्रवारी ते गाळ्यात येतात. बाकाच्या टोकाला त्यांच्यासाठी दिवा लावलाय. कधी कधी ते उघड्या डॅशबोर्डची खाच मापायला लागतात आणि गिऱ्हाईक ताटकळतं. मग ती ओरडते, "बाबा, अर्ध्या मिलिमीटरनं काही होत नाही हो!"

"तुला होत नाही," ते मान वर न करता म्हणतात आणि पुन्हा मापतात.