पाऊण इंच

"उद्या हे बूट घालून यायचं नाही," वकीलबाईंनी स्टुलावर बसूनच बजावलं. त्यांच्या सँडलचा तुटलेला पट्टा बूटवाल्याच्या हातात होता, त्यामुळे त्यांना निघून जायची सोय नव्हती आणि त्याला ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मग काय अनवाणी येऊ?" आरीतून दोरा ओढत त्याने विचारलं.

"साध्या चपला घाला, काका. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी लेखी दिलंय, चालीत दोष नाही म्हणून. देणारच ना! तुम्ही त्यांच्यासमोर ताठ चालून दाखवलंत. उद्या न्यायाधीशांसमोरही तसेच चाललात तर दावा संपलाच म्हणून समजा. खोटं लंगडा असं मी म्हणत नाही. जे आहे ते दिसू दे."

जे आहे ते दिसू नये म्हणून तर बूटवाल्याने जिवाचं रान केलं होतं. दीड वर्षापूर्वी समोरच्या औषधवाल्याने गाडी मागे घेताना आरसा सोडून भलतीकडेच बघितलं आणि बूटवाल्याचा डावा पाय गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. नडगीचं हाड जुळलं, पण पाय पाऊण इंच आखूड झाला. औषधवाला तसा भला माणूस. रोज दवाखान्यात येऊन पायाशी बसायचा, आणि 'माझ्या गाडीचा विमा आहे, दावा कर' हेही त्यानेच सांगितलं.

पण लंगडणाऱ्या बूटवाल्याकडे बूट शिवायला टाकणार कोण? ज्याला स्वतःची चाल सांभाळता येत नाही, त्याच्या हाती लोकांनी आपले पाय का द्यावेत? म्हणून घराबाहेर न पडता त्याने स्वतःसाठी एक जोडी करायला घेतली. डाव्या बुटात आतून बुचाचे थर, डावी टाच किंचित उंच, उजवी किंचित तासलेली. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखे दिसले पाहिजेत, हा हट्ट. सात जोड्या बिघडल्या. आठवी पायात घालून तो जिना चढला, तेव्हा पावलं ओळखण्यात तरबेज असलेली बायकोही फसली आणि 'कोण आहे?' म्हणून आतून ओरडली. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता, असं तो सांगायचा. अर्थात बायको जवळपास नसताना.

जिना मात्र अडतीस पायऱ्यांचा होता. बूट कितीही चांगला असला तरी संध्याकाळी वर पोचेपर्यंत पाय पेटलेला असायचा, आणि ते एकट्या बायकोला ठाऊक होतं. दुकानामागची तळमजल्यावरची खोली रिकामी होणार होती. दाव्याचे पैसे आले तर ती घेता येणार होती, नाहीतर जन्मभर अडतीस पायऱ्या होत्याच.

"अहो, एक दिवस चपला घातल्या तर काय आभाळ कोसळणार आहे का?" रात्री ती म्हणाली.

"बरं, घालतो," तो म्हणाला.

सकाळी तिने चपला पिशवीत घेतल्या. कोर्टाच्या पायरीवर बसून त्याने एका बुटाची नाडी सोडली, थोडा वेळ तशीच हातात धरली आणि पुन्हा बांधली.

"आता काय झालं?"

"नाही जमत गं. आत शिरल्या शिरल्या सगळे म्हणणार, बिचारा. मला बिचारा नाही व्हायचं."

तिने कपाळावर हात मारून घेतला, पण पिशवी काही सोडली नाही.

पुकारा झाला आणि बूटवाला सरळ चालत पुढे गेला. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. विमा कंपनीच्या वकिलाचा चेहरा मात्र उजळला. "साहेब, मला काही बोलायचीच गरज नाही. बघा, कसे चालत आले! कुठे लंगडतायत?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "काय हो, पायाला त्रास काय आहे?"

बूटवाल्याने वाकून नाड्या सोडल्या.

"ओ, ओ! इथे बूट काढायचे नाहीत!" शिपाई धावला.

"असू दे," न्यायाधीश म्हणाले.

बूटवाल्याने खिशातला रुमाल टेबलावर पसरला, दोन्ही बूट त्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि डाव्यातला तळवा उचलून बुचाचे थर एकेक करून बाहेर काढले. "त्रास हा एवढा आहे, साहेब. पाऊण इंच. त्या डॉक्टरसाहेबांनी माझा पाय तपासला नाही, माझं काम तपासलं. कामात दोष नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे."

मग, कोणी न सांगता, तो मोज्यांवर दाराकडे चालत गेला आणि परत आला. प्रत्येक पावलाला खांदा एका बाजूला झुकत होता. कोणीही हसलं नाही. न्यायाधीशांनी बुटात हात घालून थर पुन्हा एकेक करून बसवून बघितले.

"कोणी केले हे?"

"मीच."

"प्रश्न विचारायचेत?" त्यांनी विमा कंपनीच्या वकिलाकडे बघितलं. वकिलाने नकारार्थी मान हलवली. "ठीक आहे. ही जोडी पुराव्यात घ्या."

"साहेब, मग मी घरी कसा जाऊ?"

आता मात्र सगळे हसले, न्यायाधीशही. मागून बायकोने पिशवी उंच केली.

"काका, खोलीवाल्याशी बोलून ठेवा," बाहेर आल्यावर वकीलबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या दिवशी पहिल्यांदाच साऱ्या गल्लीने बूटवाल्याला लंगडताना पाहिलं. औषधवाला दुकानाच्या दारात येऊन नुसताच उभा राहिला. बूटवाल्याने त्याला हात केला. बायकोच्या खांद्यावर हात टाकून भर रस्त्यात चालायला त्याला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. तिचा चेहरा फुलला होता, खोलीत काय कुठे ठेवायचं हे ती चौकापासून सांगत होती. त्याचं मात्र लक्ष नव्हतं.

"पाय दुखतोय का हो?"

"पायाचं काही नाही गं. त्या डाव्या बुटात टाचेपाशी एक टाका वाकडा पडलाय. म्हटलं, आत कोण बघतंय. आता न्यायाधीश बघणार."

दुकान उघडून त्याने फळीवर कागद पसरला, फळी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर डावा पाय घट्ट रोवला. मग कानामागची पेन्सिल काढून पावलाच्या कडेने सावकाश रेघ ओढायला घेतली.