खंडेनवमीला सोडलेला दोर

मित्रांनो, ज्याची पूजा झाली त्याने आपली गोष्ट ताठ मानेने सांगावी. मला हळदकुंकू लागले आहे, फूल वाहिले गेले आहे, तरी माझी मान खालीच आहे. मी एक जुना दोर आहे. दोराला मान कुठली, असे तुम्ही म्हणाल. पण शरम वाटायला मान लागत नाही, एवढे मी अनुभवाने सांगतो.

निळ्या नायलॉनच्या धाग्यांना पीळ घालून मला एका कारखान्यात बनवले. नाशिक रोडच्या एका दुकानात मी वर्षभर धूळ खात पडलो होतो. तिथून मला लहानूने आणले. देवळाली कॅम्पच्या पलीकडे माळाला लागून त्याची शेती आहे. झेंडू, टोमॅटो, थोडी मेथी. दिवसभर तोफांच्या सरावाचे आवाज येतात, पण तिथल्या कोंबड्यासुद्धा आता दचकत नाहीत.

घरासमोरच लहानूचे शेततळे आहे. पाणी मुरू नये म्हणून त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला आहे. तो ओला झाला की असा बुळबुळीत होतो, की आत पडलेल्या जिवाला वर येता येत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी प्यायला आलेले दोन ससे आणि एक मुंगूस त्यात बुडाले. तेव्हा लहानूची आई, गोजराबाई, त्याला म्हणाल्या, “पानी ठिवलं तर वर यायची वाटबी ठिवावी मानसानं.” सत्तरी उलटलेल्या त्या बाईंनी मला स्कूटरचे चार जुने टायर स्वतःच्या हातांनी बांधले. माझे एक टोक बांधावरच्या लोखंडी खुंट्याला आवळले आणि दुसरे पाण्यात सोडले. झाली शिडी!

पण मित्रांनो, मला ते काम मुळीच आवडले नाही. काम कसले, नुसते लोंबकळणे! गाडीचा दोर गावोगाव हिंडून येई, गोठ्यातला दोर गाईच्या गळ्यात मिरवे, आणि मी आपला शेवाळ धरत पडून. महिने महिने कोणी माझ्याकडे फिरकत नसे.

मग एका संध्याकाळी खोकड पाण्यात पडली. खोकड म्हणजे कोल्ह्याच्याच कुळातला, पण जेमतेम मांजराएवढा प्राणी. शेपटीचे टोक काळे, कान मोठाले. माळावर एक जोडी राहत असे आणि शेतातले उंदीर मारून खात असे. त्यातल्या मादीला गोजराबाई बारकी म्हणत. बारकीने भेदरून तळ्याला दोन फेऱ्या मारल्या, तेवढ्यात तिचा पाय टायरला लागला. मग एकेका टायरवर पाय रोवत ती वर आली, अंग झटकले आणि धूम पळाली. गोजराबाई बांधावरून बघत होत्या. त्यांनी मला हात लावून नमस्कार केला. “माझ्या बापा, जीव वाचवलास,” म्हणाल्या. लहानूने ती गोष्ट चार गावांत सांगितली. आता कबूल करतो, मी फुगलो. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात ना, तसला पीळ चढला मला. ज्याने जीव वाचवला त्याला सगळे जग बघायला मिळाले पाहिजे, असे मला वाटू लागले.

गेल्या वर्षी खंडेनवमीला सकाळी गोजराबाईंनी घरातल्या अवजारांची पूजा मांडली. कोयता, कुदळ, फवारणीचा पंप, सगळे धुऊन ओळीने ठेवले. मला पाण्यातून काढायचे नाही म्हणून त्या स्वतः ताट घेऊन तळ्यावर आल्या. माझ्या गाठीला हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. खंडेनवमीला अवजार कामाला लावत नाहीत, त्याला विश्रांती देतात. पण झेंडू पिकवणाऱ्याला तो दिवस पाळता येत नाही. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूला कुत्रेही विचारत नाही.

दुपारी लहानूची पिकअप फुलांच्या क्रेटनी शिगोशीग भरली आणि ऐन वेळी गाडीचा दोर तुटला. लहानू तडक तळ्यावर आला. मागोमाग त्याची बायको सुवर्णा आली.

“आत्याबाईंना इचारलं का?” तिने विचारले.

“एका दिसानं काय व्हतंय? उद्या सांजच्याला परत बांधतो.”

दोन वर्षे पाण्यात राहून माझ्या गाठी आवळल्या होत्या. मला टायरांपासून सोडवता सोडवता लहानूची नखे दुखली. मी थोडा आणखी ताठ राहिलो असतो, तर तो कंटाळून दुसरीकडे दोर शोधायला गेला असता. पण मी सैल झालो. खरे सांगतो मित्रांनो, मला जायचे होते.

आणि काय सांगू, मजा आली! नाशिकच्या बाजारात फुलांच्या राशी, तोरणे, गाड्यांना घातलेले हार. माझ्या पिळांत पाकळ्या अडकल्या, मला झेंडूचा वास लागला. त्या दीड दिवसात मला तळ्याची एकदाही आठवण झाली नाही.

दसऱ्याला संध्याकाळी आम्ही परतलो. लहानू थकून चूर झाला होता. शेजारची माणसे आपट्याची पाने घेऊन सोने द्यायला आली होती. दोर नेल्याचे सुवर्णाकडून कळले होते, म्हणून गर्दीतूनच गोजराबाईंनी विचारले, “लहानू, दोर बांधला का रे तळ्याला?”

“बांधला, बांधला,” लहानू म्हणाला, आणि शेजारच्या हिरामणच्या हातावर पाने ठेवायला वळला.

त्याला खोटे बोलायचे नव्हते. पाहुणे गेले की बांधू, असेच त्याच्या मनात असणार. पाहुणे गेले आणि तो जेवता जेवता पेंगला. मी पिकअपच्या हौद्यात पडून राहिलो.

उजाडता उजाडता पाण्यात काहीतरी धपकन पडले. पिकअप तळ्याजवळच उभी होती, मला सगळे ऐकू आले. आधी पाण्याची खळबळ, मग कागदावर नखांची खरखर. ती थांबे, पुन्हा सुरू होई. गोजराबाई तेव्हाच अंगणातल्या चुलीपाशी आल्या होत्या. त्यांनी कान दिला. क्षणभर मला वाटले, या जाऊन बघतील. पण त्या स्वतःशीच हसल्या.

“बारकी पडली वाटतं परत. यील वर. दोर हाय.”

आणि त्यांनी चहाचे आधण ठेवले.

मी हौद्यात निपचित पडलो होतो. मला सरपटता येत नाही, ओरडता येत नाही. ती खरखर किती वेळ चालली ते मला विचारू नका. हळूहळू ती मंदावली आणि मग बंद झाली. गोजराबाईंनी कपात चहा ओतला आणि समाधानाने म्हणाल्या, “आली वर.”

पुरते उजाडल्यावर त्या बांधावर गेल्या, आणि त्यांची हाक ऐकून लहानू अनवाणी धावत सुटला. बारकी काठाशी तरंगत होती. तळे केवढे मोठे, चार बाजूंना चार काठ. पण नखांचे ओरखडे एकाच जागी होते. खुंट्याच्या खाली, जिथे मी असायचो तिथे. तिला वाट माहीत होती. ती वाटेवर आली होती, पण वाट तिथे नव्हती.

“बांधला म्हनला व्हतास,” गोजराबाई म्हणाल्या.

लहानूने वळून गाडीच्या हौद्याकडे पाहिले.

“मी आयकलं व्हतं रे लहानू. पार शेवटपरेंत आयकलं. अन् बसून च्या पेले.”

त्या त्याला रागावल्या असत्या तर बरे झाले असते. लहानू बांधावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. “आई, मी खोटं बोललो,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग उठून त्याने मला गाडीतून आणले, खुंट्याला बांधले, मला धरून तो पाण्यात उतरला आणि बारकीला छातीशी घेऊन वर आला. तळ्यावर परतल्यावर माझे पहिले काम हे होते. माझ्या पिळांतल्या पाकळ्या सुटून पाण्यावर पसरल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या संध्याकाळी जोडीतला नर बांधावर येऊन उभा राहिला. त्यानंतर तो माळावर कोणाला दिसला नाही.

आता मी पुन्हा चार टायर घेऊन पाण्यात आहे. या उन्हाळ्यात एक घोरपड आणि दोन माकडे माझ्यावरून वर आली. लोकांनी फोनवर फोटो काढले, वाहवा केली. मी काही फुगलो नाही. ओरखडे माझ्या अंगाखालीच आहेत, आणि लाट आली की मी त्यांवरच घासतो.

परवा हिरामण मला मागायला आला होता. “नुसताच तर पडलाय तळ्यात. एक दिस दे ना,” म्हणाला. लहानू म्हणाला, “तो कामावर हाय.” एवढे ऐकून मला रडू आले.

मित्रांनो, माझ्यासारखी पुष्कळ साधने तुमच्या आसपास नुसतीच पडलेली दिसतील. विहिरीची जाळी, तळ्याचे कुंपण, पाखरांसाठी भरून ठेवलेले पाणी. ती रिकामी नसतात, वाट बघत असतात. त्यांना एका दिवसासाठीही हलवू नका. आणि घरातले कोणी विचारले, “बांधलं का? झाकलं का? लावलं का?” तर बसल्या जागेवरून हो म्हणू नका. आधी उठा, जाऊन हात लावून बघा. तुमच्या ‘हो’वर विसंबून कोणीतरी निवांत चहा पीत असेल.