आमची ही

अनंतने खिशातला रुमाल झटकला, पदरासारखा डोक्यावर ओढला आणि माइकसमोर जरा वाकून उभा राहिला. तेवढ्यावरच मुलुंडच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये हशा पिकला. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पुढे बायका, मागे त्यांचे नवरे.

‘आमची ही’ हा त्याचा हुकमी आयटम. घाटकोपरच्या कारखान्यातली कारकुनी सांभाळून तो एकपात्री कार्यक्रम करायचा, आणि घरोघरी रंगीत टीव्ही आले तरी त्याला बोलावणी येत ती या आयटममुळेच. मालवणकडची भाबडी बायको बँकेत जाते, लिफ्टमध्ये अडकते, इस्पितळात जाते.

त्याची बायको जानकी आजवर कार्यक्रमाला कधी आली नव्हती. त्यानेच आणलं नव्हतं. आज सोसायटीच्या उत्तराबाईंनी तिला परस्पर बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिला पाहून अनंत अडखळला. पण फर्माईश त्याच आयटमची आली.

“डॉक्टर विचारतात, बाई, कुठे दुखतंय? तर आमची ही म्हणते,” त्याने आवाज बारीक केला, “तुमका सांगान काय उपेग? तुमचां थोडांच दुखतां?”

टाळ्या पडल्या. जानकी हातातल्या तिळगुळाच्या पुडीकडे बघत राहिली.

आयटम संपताच उत्तराबाईंनी तिला हाताला धरून स्टेजवर नेलं, ओटी भरली आणि माइक पुढे केला.

“वहिनी, दोन शब्द बोला ना! खरंच अशाच बोलता?”

“माका बोलूक येना नाय.”

हॉल नुसता फुटला. हसणं ओसरेपर्यंत जानकी थांबली.

“इस्पितळातलां तां मीच बोललंय. त्या दिवशी आमचां पॉर गेलां.”

मागच्या रांगा पुन्हा हसल्या. पुढच्या बायका हसल्या नाहीत. अनंतने हसत हसत माइक काढून घेतला आणि लिफ्टचा किस्सा सुरू केला.

“लोकांना आयटमच वाटला, बरं झालं,” परतताना बसमध्ये तो म्हणाला. “आणि मी तुझं नाव कुठे घेतो?”

ती खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “चहा ठेवला आहे. साखर कमी वाटली तर सांगा.”

अनंतने मान वर केली. रेडिओवरच्या बाईसारखा शब्दन्‌शब्द सुटा, स्वच्छ. चिडली असेल, येईल वळणावर, असं त्याला वाटलं. होळी येऊन गेली.

“काय गो, रागावलंस?” एकदा त्याने मुद्दाम विचारलं.

“नाही. रागवायचं काय त्यात?”

कार्यक्रमांत तो जुनेच किस्से सांगत राहिला. आता लोक त्याच्या आधीच वाक्यं म्हणू लागले. “अनंतराव, नवीन काहीतरी आणा यार,” एका मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला. “ह्याची वाट लागली आता.”

एका शनिवारी तो दुपारीच घरी आला. दार नुसतं लोटलेलं होतं. कांजूरमार्गहून जानकीची बहीण शकु आली होती, आणि आत जानकी बोलत होती. मालवणीत, भरभरून, किती महिन्यांनी. अनंतचा हात कडीवरच राहिला.

“आणि आता मगे गो?” शकुने विचारलं.

“आता काय? हे हसतत ना, तेवा माका तेंच्या तोंडाकडे बगवना नाय.”

आत स्टोव्ह तेवढा फुरफुरत होता.

अनंत तसाच उभा राहिला. मग त्याचे ओठ हलले. बगवना नाय. सूर जरा चढा लागला. त्याने तो खाली आणला आणि पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.