शिंपली परत आली

मित्रांनो, मी एक जुने समुद्री कासव आहे, आणि तेही तीन पायांचे. शीळफाट्याजवळच्या एका लहानशा प्राणिसंग्रहालयात, खाऱ्या पाण्याच्या टाकीत मी राहतो. माझा चौथा पाय नायलॉनच्या जाळ्यात अडकून कुजला. भिवा नावाच्या कोळ्याने जाळे कापून मला वाचवले, पण पाय काही वाचला नाही. तीन पायांनी समुद्रात निभाव लागत नाही, म्हणून माझा मुक्काम कायमचा इथेच. तुमच्या तिकिटांतून माझ्यासारख्या जखमी कासवांचे औषधपाणी होते. म्हणून तुम्ही काचेवर टकटक केलीत तरी मी रागावत नाही. थोडासाच रागावतो.

मग एकदा माझ्या टाकीत दुसरे कासव आले, शिंपली. ताटाएवढी लहान, मानेत दोरी रुतलेली. ती माझ्या पाठीआड लपून झोपायची. आधी मला तिची अडचणच वाटली. पुढे पुढे ती जवळ नसली की मला झोप येईना.

शिंपली हे नाव क्षिप्राने ठेवले. क्षिप्रा ठाण्याची. सुट्टी लागली की हेमाआजींचा हात धरून ती आम्हाला भेटायला येई. आमची देखभाल करणाऱ्या आनंददादाने एक दिवस तिला सांगितले, "शिंपली बरी झाली. गणपती झाले की समुद्रात सोडणार." क्षिप्रा हुंदके देत रडली. मीही रडलो. पण कासवाच्या डोळ्यांतून खारे पाणी नेहमीच गळते, त्यामुळे ते कोणाला कळले नाही.

निरोपाच्या दिवशी आजींनी आमच्या काचेला हळदकुंकू लावले. कूर्मावतार म्हणून मनापासून हात जोडले. त्यांच्या मनगटाला एक गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती. आत गणपतीचे हार आणि दूर्वा होत्या.

"आजी, ही गाडीत ठेवायची ना!" क्षिप्रा म्हणाली.

"अगं, निर्माल्य आहे. गाडीत पायाखाली येतं. येताना कळव्याच्या पुलावर थांबताच आलं नाही, आता जाताना खाडीत सोडू. तिथे कठड्याच्या जाळीला एक भोक आहे."

"पिशवीसकट?"

"मग काय! सुटी फुलं उडून रस्त्यावर पडतात, लोकांच्या पायदळी जातात. मी गाठ कशी घट्ट मारलीये बघ."

खाडीतले सगळे शेवटी समुद्रातच जाते. तिथे तरंगणारी पिशवी आम्हाला जेलीफिशसारखी दिसते, आणि जेलीफिश हे आमचे जेवण आहे. शिंपली तर त्याच समुद्रात निघाली होती. मी काचेवर डोके आपटले, पुन्हा पुन्हा आपटले.

"अय्या, टाटा करतंय बघ!" आजी म्हणाल्या. क्षिप्राने माझा फोटो काढला.

दिवाळीनंतर शिंपली परत आली. भिवाला ती पाण्यावर तरंगताना सापडली होती. पायाला आनंददादाने लावलेला बिल्ला तसाच होता, पण तिच्यात जीव नव्हता. डॉक्टरांनी तिच्या पोटातून एक फाटकी पिशवी काढली. पिशवीची गाठ शाबूत होती आणि गाठीत हाराचा दोरा अडकला होता. ती पिशवी आता माझ्या टाकीशेजारी बरणीत ठेवली आहे. ती कोणाच्या घरची, ते कोणीच सांगू शकत नाही. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत अशी गाठ घरोघरी मारतात.

क्षिप्रा आजींबरोबर आली आणि तिने हसत विचारले, "दादा, शिंपलीची काही खबर?" आनंददादाने बरणीकडे बोट केले.

आजींनी वाकून ती गाठ पाहिली. "मी देवाचं म्हणून टाकत होते रे," एवढेच त्या म्हणाल्या. क्षिप्राने त्यांच्या हातातला आपला हात हळूच सोडवून घेतला.

मित्रांनो, आजींवर रागावू नका. मी रागावून पाहिले, मला जमले नाही. फक्त फुले कुंडीतल्या मातीत घाला आणि पिशवी खाडीत सोडू नका. घरी कोणी गाठ मारत असेल, तर त्यांना शिंपलीची गोष्ट सांगा.

मला सांगता येत नाही. आजही कोणी पिशवी घेऊन काचेपाशी आले की मी डोके आपटतो. लोक हसतात, फोन काढतात आणि म्हणतात, "बघ, कासव खेळतंय."

मी खेळत नसतो.