मागे उभी राहिलेली मतं

हिंगणीत सपनाच्या गच्चीवर पाऊस, वारा आणि ऊन मोजणारी एक पांढरी पेटी होती. अशा हजारो पेट्या देशोदेशींच्या छपरांवर होत्या, आणि त्यांच्या मालकांची ‘मेघजाळ’ नावाची, ब्लॉकचेनवर चालणारी एक संघटना होती. तिला अध्यक्ष नव्हता की कचेरी नव्हती. पेट्यांच्या नोंदी सगळ्यांच्या संगणकांवर एकसारख्या राहत, त्यामुळे एकट्याला त्या फिरवता येत नसत. नियम बदलायचा तर कोणीही ठराव मांडावा, त्यावर चर्चा व्हावी आणि मग मतदान. एका पेटीला एक मत. बहुमत झालं की नियम आपोआप लागू व्हायचा, कुणाच्या सहीसाठी अडत नसे.

सपना सेलूच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. तिथल्या सभांत ठराव आधीच कुठेतरी ठरून यायचे आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. म्हणून मेघजाळाचं तिला मोठं अप्रूप होतं.

त्या पावसाळ्यात बंगळुरूच्या भूपेंद्रनं ठराव मांडला: ज्या पेट्यांचं नेट वारंवार तुटतं, त्यांचं मत काढून घ्यावं. तुटक नोंदींमुळे सगळ्यांचाच हवामानाचा अंदाज बिघडतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण बोरच्या जंगलाच्या कडेला, हिंगणीत, ढग भरून आले की पहिलं नेटच जायचं.

सपनानं चर्चेत लिहिलं, “नेट गेल्यावर पाऊस थांबत नाही. आमची पेटी नोंद साठवून ठेवते आणि नेट आलं की पाठवते. उशिरा आलेली नोंदही धरा.”

ते लोकांना पटलं. मेघजाळात आपलं मत दुसऱ्याच्या हवाली करता यायचं आणि वाटेल तेव्हा परतही घेता यायचं. कुठल्या कुठल्या गावांतले लोक आपली मतं सपनाच्या मागे उभी करू लागले. सगळ्यात मोठा गठ्ठा आला देवळीच्या हिरालालकडून. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, आणि पुलगाव, भिडीकडच्या ओळखीच्यांच्या पेट्या आपणच सांभाळतो, असं ते सांगत. एका रविवारी सपना त्यांचे आभार मानायला देवळीला गेली.

“या, या मॅडम! चहा सांगतो,” म्हणत त्यांनी तिला मागच्या खोलीत बसवलं. समोरच्या फळीवर पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. वर पंखा फिरत होता. प्रत्येक पेटीवर चिकटपट्टी होती: पुलगाव, भिडी, आणखी कुठली कुठली गावं.

“काकाजी, ह्या इथं काऊन ठेवल्या?”

“अवो, तिकडं नेट कुठं राह्यते? इथून पाठवून देतो.”

“म्हणजे भिडीचा पाऊस तुमी पंख्याखाली मोजून राह्यले?”

हिरालाल हसले. “मॅडम, शहरातले लोक काय साधू आहेत का? आपली माणसं मोजली, तं आपल्याजवळ मतं किती निघतील? मत तं मी तुमच्याच बाजूनं देऊन राह्यलो ना!”

“अन् भिडीतला कोणी ही कोरडी नोंद पाहून फवारणी करत असंल तं?”

चहा आला, पण सपनानं तो अर्धाच घेतला.

मागे उभ्या असलेल्या मतांतून काही वगळायची सोय नव्हती. तिनं मत दिलं की हिरालालची मतंही त्यासोबत जाणार. ती मतं परत घ्या म्हणून तिनं त्यांना फोन केला, तर त्यांनी उचललाच नाही.

घरी धीरजनं, तिच्या नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं. “तू काही खोटं केलं नाई. गप राह्यली तं कोणाले समजनार हाय?”

“मले समजलं ना,” सपना म्हणाली. “मंग आमच्या कॉलेजातल्या सभेत अन् याच्यात काय फरक राह्यला?”

तिनं पाहिलेलं सगळं चर्चेत मांडलं. शेवटी लिहिलं, “मी मत देणार नाही. ज्यांनी माझ्या मागे मतं ठेवली, त्यांनी ती परत घ्यावी आणि स्वतः द्यावी.”

कुणी तिला शाबासकी दिली, कुणी घात केला म्हणून बोल लावले. खूप जणांनी मतं परत घेऊन स्वतः दिली. बऱ्याच जणांनी मात्र तो निरोप वाचलाच नाही, आणि त्यांची मतं तशीच तिच्या मागे पडून राहिली. भूपेंद्रचा ठराव थोडक्यात मंजूर झाला. हिंगणीच्या पेटीचं मत त्याच क्षणी गेलं. पेटी नोंदी पाठवत राहिली, पण सपनाला आता कशावरच हात वर करता येत नव्हता. आपण शहाणपणा केला की नुसताच हट्ट, हे तिला कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

दरम्यान हिरालालच्या फळीवरच्या पेट्याही दुसऱ्या एका ठरावानं बाद झाल्या. त्यांनी तिला त्यानंतर कधी फोन केला नाही.

दसऱ्याच्या सुमारास केळझरच्या गुलाबरावांनी नवा ठराव मांडला. केळझर हमरस्त्यावर, तिथलं नेट पक्कं, म्हणून त्यांचं मत टिकलं होतं. आजवर ते चर्चेत एक अक्षर बोलले नव्हते. त्यांचं मत इतरांसारखंच सपनाच्या मागे निवांत पडून असायचं. आता त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत लिहिलं होतं, की साठवून उशिरा आलेली नोंद धरावी, तशा पेट्यांना मत परत मिळावं, आणि पेटी खरोखर उघड्यावर आहे का, हे शेजारच्या दोन गावांतल्या सभासदांनी जाऊन पाहावं.

सपनानं त्यांना फोन लावला. “भाऊ, तुमी तं मले सांगतलं बी नाई!”

“तुमीच तं म्हनलं ना, सोताचं मत सोता द्या,” गुलाबराव म्हणाले. “पन ताई, आता लोकं इंग्रजीतून प्रश्न विचारून राह्यले. मले तं घाम फुटला.”

“द्या पाठवून,” सपना म्हणाली, “उत्तरं तुमी सांगा, इंग्रजी मी करतो.”

पहिल्याच प्रश्नाखाली भूपेंद्रचं नाव होतं. सपना वही-पेन घेऊन गच्चीच्या पायरीवर बसली आणि गुलाबराव फोनवर सांगू लागले.