जमिनीवरचं हँडल

मी हँडल बोलतोय. दाराचं नव्हे, मोटारीचं. आत्ता मी तुळजापूरच्या मोटारअड्ड्यावर एका नव्याकोऱ्या मोटारीपुढं मातीत पडलोय. भोवती माणसं जमली आहेत, पण वाकून कुणी उचलत नाही. माझी दया आली असेल तर जरा थांबा. आधी माझी हकिकत ऐका.

मोटारीबरोबर विलायतेहून आलेलं मूळ हँडल बेंबळीच्या ओढ्यात पडलं आणि गाळात गेलं. मग मोटारीचे मालक सिद्रामप्पा शेठ यांनी गावच्या लोहाराकडून मला घडवून घेतलं. मोडक्या बैलगाडीच्या आसाचं लोखंड तापवलं, दोन ठिकाणी वाकवलं, झालो मी तयार. जन्म बैलगाडीचा आणि चाकरी मोटारीची, त्यामुळे स्वभाव थोडा तिरकाच. मोटारीच्या नाकाडात मला खुपसून खालून वर झटका दिला की इंजिन फुरफुरत जागं होतं. धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा लागतो. ज्यानं मुठीत आवळून धरलं त्याला मी उलटा फिरून इंगा दाखवला म्हणून समजा. एकदोघांची मनगटं अजून दुखतात म्हणे.

शेठच्या मोटारी दोन, ड्रायव्हर तीन. रोज सकाळी शेठ मला आणि दुसऱ्या मोटारीच्या हँडलाला बाकावरून उचलून दोघा ड्रायव्हरांच्या हाती देत. ज्याच्या हातात हँडल, त्याला त्या दिवसाचं काम. उरलेल्यानं चहा पीत बसायचं. शेठ कधी कुणावर खूश, कधी कुणावर नाराज, त्यावर लोकांच्या चुली पेटायच्या. पण ड्रायव्हरांचा आपसातला एक रिवाज होता आणि तो शेठच्या मर्जीहून वरचा होता. हँडल हातातून हातात द्यायचं. एखाद्यानं ते मोटारीपुढं जमिनीवर ठेवलं, तर त्याचा अर्थ, इथं अन्याय झालाय. असं ठेवलेलं हँडल दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरनं उचलायचं नाही. उचललंच तर मालकानं उचलायचं.

अड्ड्यावर सगळ्यांत जुने ड्रायव्हर दादामियाँ. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्या खालोखाल लालमहंमद, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. आणि शेवटचा गुंडाप्पा, बेंबळीचा. उस्तादांनीच त्याला मोटार शिकवली होती. घरी बायको गजराबाई आणि लहान लहान लेकरं.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली. पेट्रोल मिळेना. शेठची दुसरी मोटार उभी राहिली आणि माझ्या मोटारीच्या पाठीला कोळशाचा बंब बसवला गेला. त्या धुरावर ती खोकत खोकत धावायची. तिला जागं करता करता माझा जीव मेटाकुटीला यायचा.

एका सकाळी शेठनी तिघांना बोलावलं.

"मोटार एकच ऱ्हायली. दादामियाँ तेवढा ऱ्हाईल. तुमी दोघं घरी बसा. पेट्रोल आलं की सांगावा धाडतो."

पेट्रोल कधी येणार हे शेठलाही ठाऊक नव्हतं. अड्ड्यामागच्या लिंबाखाली तिघं बसले. मी उस्तादांच्या मांडीवर होतो.

"उस्ताद, तुमची नौकरी जुनी, तुमचा हक हाय," लालमहंमद म्हणाला. "पन तुमच्यामागं लंबर माझा. तुमी बिमार पडलाव, सुट्टी घेतली, तर मोटार माझी. हे आत्ताच ठरू द्या."

गुंडाप्पा उसळला. "अन् माझा लंबर शेवटचा म्हून माझ्या लेकरांनी शेवटी जेवायचं व्हय?"

दोघांची चांगलीच जुंपली. उस्ताद फडक्यानं मला पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "मोटार एक हाय, मानसं तीन. पाळी लावू. एक हप्ता माझा, एक लालमहंमदचा, एक गुंडाप्पाचा."

त्यांची बायको चाँदबी भाकरी घेऊन आली होती. तिनं हे ऐकलं आणि भाकरीचं फडकं तिथंच आपटलं. "शेठनं तुमाला ठिवलं अन् तुमी आपला हक लोकात वाटताव? आपल्या घरात काय लई झालंय का?"

"चाँदबी, आज मी जुना म्हून ऱ्हायलो," उस्ताद म्हणाले. "उद्या म्हनतील, म्हातारा झाला, काढा. त्या दिशी माझ्या बाजूनं कोन उभं ऱ्हाईल?"

ती रागानं निघून गेली. तिचा राग मला तरी रास्त वाटला.

शेठनी मात्र साफ झिडकारलं. "मोटार माझी, कोळसा माझा, अन् पाळी तुमी लावनार?"

उस्ताद मोटारीपुढं गेले आणि त्यांनी मला जमिनीवर ठेवलं.

ऐन नवरात्राचे दिवस. सोलापूरच्या वाटेवर तामलवाडीच्या नाक्यावर देवीचे भक्त मोटारीची वाट बघत ताटकळत होते आणि मोटार इथं थंड. शेठनी सोलापूरहून दुसरा ड्रायव्हर मागवला. तो मिशीला पीळ देत आला, त्यानं मला पाहिलं आणि विचारलं, "हे कुनी ठिवलं?"

"म्या," उस्ताद म्हणाले.

त्यानं उस्तादांना सलाम केला आणि आल्या पावली परत गेला. शेठ हाका मारत राहिले.

खरं सांगू? मला फार वाईट वाटत होतं. मी काही शोभेची वस्तू नाही. मला फिरायचं असतं. इंजिन जागं होतानाचा तो हिसका माझ्या हाडामासात भिनला होता, लोखंडाला हाडंमांस नसलं म्हणून काय झालं! कुणीतरी उचलावं असं मनातून वाटत होतं.

आणि उचलणारा आलाच. दुपारी अड्डा सामसूम असताना शेठनी गुंडाप्पाला बाजूला घेतलं. "तू उचल. मोटार कायमची तुझी. दोघांला मी बगतो." एवढं बोलून ते छपरात गेले.

गुंडाप्पा माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. त्याचं तोंड सुकलं होतं. त्या दिवसांत त्याच्या घरी एकवेळचीच चूल पेटत होती, हे अड्ड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं हात पुढं केला. त्याचा तळवा माझ्या मुठीवर टेकला, अंगठा बोटांच्या बाजूला, उस्तादांनी शिकवला होता तसाच. माझं सगळं लोखंड ताठलं. उचल रे, उचल!

त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, माझ्यावरची धूळ पुसली, आणि मला तिथंच ठेवून तो उठला.

"पडून ऱ्हा बाबा," म्हणाला.

तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्यानंतर मी मातीला असा घट्ट बिलगलो की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरचे भक्त दुसऱ्याच्या मोटारीत बसायला लागले, आणि शेठ आले. अंगानं जड माणूस, धोतर सावरत, कण्हत वाकले. मला उचलून उस्तादांच्या हातात देत म्हणाले, "घ्या. लावा तुमची पाळी." उस्तादांनी मला लगेच गुंडाप्पाच्या हाती दिलं. पहिला हप्ता त्याचा. त्या सकाळी मी एकाच झटक्यात इंजिन सुरू करून दिलं, तेही कोळशावरचं!

लढाई संपेपर्यंत पाळी चालली. तिन्ही घरं अर्धपोटी राहिली, पण तिन्ही राहिली. चाँदबीनं पुढं गजराबाईशी बहिणीसारखं नातं जोडलं, टोमणे मात्र सोडले नाहीत.

मग पेट्रोल आलं. निजामाचं राज्य गेलं. शेठनी मोटारी विकल्या आणि तिघं ड्रायव्हर नव्या मालकाकडं लागले. नव्या मालकाची नवी मोटार बटण दाबलं की सुरू होते. मला गुंडाप्पानं बेंबळीला घरी नेऊन खुंटीवर टांगलं आणि गजराबाई माझ्यावर कंदील अडकवायला लागली. म्हातारपण बरं चाललं होतं.

काल नव्या मालकानं सांगितलं, जवान ड्रायव्हर राहतील, दादामियाँ म्हातारे झाले, त्यांना रजा. त्यांची नजर तपासली नाही की हात बघितला नाही. नवी मोटार दिली गुंडाप्पाला.

आज सकाळी गुंडाप्पानं कंदील उतरवून ठेवला आणि मला खांद्यावर टाकलं. अड्ड्यावर येऊन त्यानं मला मोटारीपुढं ठेवलं. मालक हसले. "अरे, या गाडीला हँडल लागत नाही."

"गाडीला न्हाय लागत मालक," गुंडाप्पा म्हणाला. "आमाला लागतं."

लालमहंमद पुढं आला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. मग एकेक करून नव्या मालकाचे बाकीचे ड्रायव्हर. आता तर बटण दाबायला कुठलाच ड्रायव्हर तयार नाही.

एवढ्यात उस्ताद लगबगीनं आले. डोळे भरलेले. "तुमच्या लेकराबाळांचा घास जाईल रे. मला उचलू दे ते," म्हणत वाकायला लागले. गुंडाप्पानं त्यांचा हात धरला आणि त्यांना बाकावर नेऊन बसवलं.

"तुमी बसा उस्ताद. ते तुमी ठिवलेलं न्हाय, म्या ठिवलंय."

ऊन चढतंय. माझं अंग तापलंय. मालक अजून छपरातच आहेत, पण मघापासून दोनदा दारात येऊन माझ्याकडं बघून गेले. बाबांनो, इतकी वर्षं मी तुमच्या हातांसाठी झुरलो. आज माझं एकच मागणं आहे. मला उचलू नका. ज्यानं उचलायचं, त्याला वाकायला जरा वेळ लागतो.